हारलोबाईंची मराठी

आयुष्यात मला एकाच माणसाचा मनापासून हेवा वाटला, आणि ती बाई हेवा वाटावा अशी मुळीच नव्हती. पावणेसहा फूट उंची, पुरुषासारखे रुंद खांदे, उन्हानं सोलवटून लाल झालेलं नाक. केस राखेच्या रंगाचे आणि आरशाशिवाय स्वतःच कात्रीनं कापलेले, त्यामुळे मानेवर एका बाजूला आखूड आणि दुसऱ्या बाजूला लांब. पायात पुरुषी चपला, कारण त्यांच्या मापाची बायकी चप्पल मेहकरच्या बाजारात मिळत नसे. साडी नेसत नसत. घोट्यापर्यंतचा सुती झगा आणि त्याला दोन मोठे खिसे. त्या खिशांत सुई-दोरा, खडू, गुळाचा खडा, काटा काढायचा चिमटा आणि कधी कधी एखादं कोंबडीचं पिल्लू असं काहीही सापडे.

नाव एडिथ हार्लो. न्यूझीलंडमधल्या एका मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी. मेहकरपासून दहा-बारा मैलांवर मिशनची मुलींची शाळा होती, तिथं राहून शिकण्याची सोय होती. त्या शाळेच्या आणि बोर्डिंगच्या त्या प्रमुख. मी तिथं गेले तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन दोनएक वर्षं झाली होती आणि बाईंना त्या गावात वीस वर्षं होत आली होती. मुलींच्या तोंडी 'हार्लो'चं 'हारलो' झालं होतं. नवी मुलगी आली की ती हसू दाबायची. मग बाई कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "हास, हास. हारलोच हाय मी. तुमच्या अठ्ठेचाळीस पोट्ट्यायपुढं कोनबी हारन."

मी पुण्याची. वडील शाळामास्तर, चर्चमध्ये पेटी वाजवायचे. पुण्याला तीन पिढ्यांचं आमचं ख्रिस्ती घर, आणि घरात ज्ञ चा उच्चार चुकला तर समोरचं ताट काढून घेतलं जाईल इतकी भाषेची शिस्त. ट्रेनिंग कॉलेजात मराठीत पहिली आले होते. मिशननं विचारलं, वऱ्हाडात मराठीची शिक्षिका हवी आहे, जाल का? सव्वीस वर्षांची होते. मला वाटलं, तिथल्या मुलींना मी भाषा देईन. खरंच हाच शब्द मनात होता, 'देईन'.

नांदुऱ्याला आगगाडीतून उतरून दोन एस्ट्या बदलत मी फाट्यावर पोचले तर समोर बैलगाडी उभी आणि जुवापाशी या बाई, हातात कासरा. परदेशी बाई घ्यायला येणार म्हणून मी प्रवासभर एक इंग्रजी वाक्य घोळवत आणलं होतं. ते मी म्हणून टाकलं. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि माझी वळकटी उचलून गाडीत टाकली.

"इंग्रजी नको बोलू बाप्पा. मले आता लवकर सुचत नाई. तूच काय वो विमल? अवो माय, किती बारीक! भाकर खाल्ली काय?"

मी गाडीत बसले. चार मैल मी तोंड फिरवून रस्त्याकडे पाहत होते. एका गोऱ्या बाईच्या तोंडून ती भाषा ऐकून मला चक्क लाज वाटत होती, आणि कुणाची लाज वाटते आहे हे कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी धीर करून म्हटलं, "मिस हार्लो, राग मानू नका, पण 'मले' नव्हे, 'मला'. 'काऊन' नव्हे, 'का'. तुम्ही प्रमुख आहात. मुली तुमचं ऐकून तसंच बोलतात."

"मी त्यायचं आयकून बोलते," त्या म्हणाल्या. पण वही काढून त्यांनी दोन्ही शब्द लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्यांनी स्वयंपाकीण गयाबाईला हाक मारली, "गयाबाई, मला थोडे पाणी द्या."

गयाबाईच्या हातातलं उलथनं थांबलं. "बाई, काई चुकलं काय माह्याकडून? अशा काऊन बोलून राह्यल्या?"

हारलोबाई माझ्याकडे वळल्या. "पाह्यलं विमल? तुह्या मराठीनं गयाबाई भेली."

सगळ्या हसल्या. गयाबाईसुद्धा. मीही हसले. आणि त्या हसण्याच्या आत मला जे काही बारीक टोचलं, ते पुढची पाच वर्षं गेलं नाही.

त्यांना गाता येत नव्हतं. सकाळच्या प्रार्थनेला त्या सर्वांत मोठ्यानं गात आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत बेसूर. माझा गळा चांगला होता, पेटीही वाजवायची. मी पेटीवर बसले की मुली माझ्या सुरात येत, पण दुसऱ्या ओळीपर्यंत एकेक करून बाईंच्या मागे घसरत. मी एकदा दोन गायन-तास घेऊन बसवलेलं भजन बाईंनी एका सकाळी भुईसपाट केलं होतं.

त्यांचा राग वेगळाच होता. रागावल्या की कुणाला बोलायच्या नाहीत. तडक विहिरीवर जायच्या आणि रहाटावरून पाणी शेंदायला लागायच्या. हौद भरला की राग संपला. मुली दुरून बादल्या मोजत आणि कुजबुजत, "आज अकरा झाल्या. कोन केलं वो?" माझ्यावर त्या कधी अशा रागावल्या नाहीत. माझ्यासाठी त्यांनी एकही बादली शेंदली नाही, याचंसुद्धा मला वाईट वाटायचं. हे आज लिहिताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

शनिवारी दुपारी त्या पायरीवर बसत, मुलींची रांग लागे आणि त्या प्रत्येकीचं डोकं विंचरून उवा काढत. हे काम मोठ्या मुलींना वाटून देता आलं असतं. मी तसं सुचवलंही. त्या म्हणाल्या, "डोक्षात हात असला का पोरगी खरं बोलते." आणि ते खरं होतं. कुणाची आई आजारी आहे, कुणाच्या बापानं दुसरी बायको केली, कुणाला रात्री भीती वाटते, हे सगळं त्या पायरीवर निघायचं. माझ्याकडे मुली वह्या घेऊन यायच्या, शुद्धलेखन तपासायला. पायात काटा रुतला की माझ्या वर्गासमोरून लंगडत जाऊन त्यांच्याकडे पोचायच्या.

दिपोटी साहेब म्हणजे शाळा तपासनीस येणार, तेव्हा मी महिनाभर मुलींची तयारी करून घेतली. 'माझे गाव' या विषयावर प्रत्येकीनं पाच वाक्यं बोलायची, शुद्ध. साहेब आले, टेबलाशी बसले. मी पहिल्या मुलीला उभं केलं. ती उभी राहिली आणि गप्प. दुसरी, गप्प. तिसरीनं "माझे गाव" म्हटलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या हारलोबाई म्हणाल्या, "काव पंचफुले, मागच्या सोमवारी बाजारात तुह्या आजीचं अन् त्या बांगडीवाल्याचं काय झालं? सायबाले सांग."

पंचफुला सहावीतली. काळीसावळी, हडकुळी मुलगी, डोळे मात्र सदा भिरभिरणारे. ती जी सुरू झाली ती थांबेना. आजीनं बांगडी घालून पाहिली, ती निघेना, बांगडीवाला पैसे मागतो, आजी म्हणते तूच काढ, दोघं भांडता भांडता अख्खा बाजार गोळा झाला. शेवटी आजी म्हणते, 'हात ठेवून घे, बांगडी माही नाई.' साहेब पोट धरून हसले. मग दुसरी उठली, तिसरी उठली. तासभर वर्ग वाजत राहिला.

जाताना साहेब बाईंना हात जोडून म्हणाले, "परदेशी असून काय मराठी बोलता तुम्ही! कान तृप्त झाले." मग माझ्याकडे वळून सहज विचारलं, "आपण मूळच्या कुठल्या? इकडच्या नाही वाटतं?"

त्या दिवशी मी जेवले नाही. बाईंनी गयाबाईच्या हाती माझ्या खोलीत भाकरी आणि अंबाडीची भाजी पाठवली. ती मी तशीच परत पाठवली.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी पंचफुलेचा बाप आला. किसन त्याचं नाव. पाच-सहा एकर कोरडवाहू, घर काही वर्षांपूर्वी बौद्ध झालेलं. स्वतः अंगठा उठवणारा, पण पोरीला हट्टानं बोर्डिंगात घातलं होतं. आता मात्र तिला न्यायला आला होता. कापूस वेचून झाला की लग्न. स्थळ चांगलं आहे, सोडायचं नाही. बाई तेव्हा शेजारच्या गावी गेल्या होत्या. कार्यालयात मी होते.

मी त्याला कायदा सांगितला. मुलगी तेरा वर्षांची आहे, हा गुन्हा आहे, असं ठणकावून सांगितलं. तो शांतपणे उठला.

"मंग पोलिसात द्या मले," म्हणाला आणि पोरीची पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन पायरीपर्यंत गेला. पंचफुला खांबाला धरून उभी. रडतसुद्धा नव्हती.

तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी पेटी पाहिली, पोरीकडे पाहिलं, सगळं समजल्या. आणि काहीच न विचारता पायरीवर बसल्या. तोही पेटी खाली ठेवून शेजारी टेकला.

"किसनभाऊ, कापूस कसा हाय औंदा?"

"बरा हाय."

"बोंडाले कीड नाई ना लागली?"

"नाई." मी दाराआड उभी होते. मग किसननं जे विचारलं ते विचारायची माझी दोन वर्षांत हिंमत झाली नव्हती.

"बाई, एक विचारू? तुमचं लगन काऊन नाई झालं?"

बाई हसल्या. "माह्या बापाले आठवणच नाई राह्यली. आमी पाच पोरी. पोरगा नाई. मेंढरं कातराले मीच. गवत कापाले मीच. माहा बाप म्हने, एडिथ म्हंजे माहा उजवा हात. आता उजवा हात कोनी देते काय दुसऱ्याले?"

"मंग चांगला होता बाप."

"चांगला होता. पन शाळेतून काढलं मले त्यानं, बाराव्या वर्षी. मले शाळा लय आवडे. मी रडली नाई. पेटी उचलली अन् घरी गेली. मंग तीस वर्षाची झाली तवा त्याले आठवण आली, का अरे, हिचं काईच केलं नाई आपन. तवा मी लिहाले-वाचाले पुन्हा बसली. लहान लहान लेकराइच्या बाकावर बसली. हे सारं मी म्हातारी होऊन शिकली, किसनभाऊ."

किसननं बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा केला. "रागावता काय तुमी त्याच्यावर? बापावर?"

"मेला तो. पन हो. अजून रागावते. चांगला होता तरी."

तो उठला. मग पेटी पायरीवरून उचलून त्यानं आत व्हरांड्यात नेऊन ठेवली. "परीक्षा होऊ द्या, मंग पाहू," एवढंच म्हणाला आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेला. पंचफुला त्यानंतर सातवीची फायनल पास झाली, पुढं अकोल्याला नर्स झाली. पण तेव्हा दाराआड उभी राहून मी पोरगी वाचली याचा आनंद करत नव्हते. माझ्या मनात एकच होतं. दोन वर्षं मी यांच्या शेजारच्या खोलीत राहते, एका टेबलाशी जेवते, आणि ही गोष्ट यांनी मला नाही सांगितली. त्या शेतकऱ्याला सांगितली.

मला मुदतीचा ताप आला तो पुढच्या हिवाळ्यात. एकवीस दिवस. बाईंनी आपली खोली मला दिली, स्वतः कार्यालयात सतरंजीवर झोपल्या. मुगाचं पाणी चमच्यानं पाजलं, गुंता झालेले माझे केस कापले. (तिरपेच कापले.) मी भिंतीकडे तोंड करून पडायची. ज्या माणसाचा हेवा वाटतो त्याच्याच हातून घोट घोट पाणी प्यायला लागणं, याच्यासारखी शिक्षा नाही.

एका दुपारी त्या उशाशी बसून झग्याचा खिसा शिवत होत्या आणि गुणगुणत होत्या. मी डोळे न उघडता म्हटलं, "सूर चुकतोय, बाई."

"माहीत हाय."

"तुम्हाला कळतं?"

"अवो, बेसूर हावो मी, बहिरी थोडी हाय?" त्यांनी दोरा दातानं तोडला. "पन मी चूप राह्यली त पोरी चूप राहतीन. त्याइले वाटीन, गानं फक्त विमलबाईसारखं येत असन तरच म्हनाव."

त्या दिवशी खिडकीच्या गजांतून काही चेहरे आत डोकावत होते, पंचफुला त्यांत पुढं. कुणीतरी खिडकीत झेंडूचं एक फूल ठेवून गेलं. मला वाटलं, बाईंनीच पाठवलं असणार यांना. बरी झाल्यावर मी पंचफुलेला विचारलं. ती म्हणाली, "नाई बाई. त्या त आमाले हाकलून राह्यल्या होत्या, ताप लागन म्हून." मी विश्वास ठेवला नाही. ठेवला असता तर कदाचित पुढचं घडलं नसतं.

त्या काळात परदेशी मिशनरींना राहण्याचा परवाना दर वर्षी नवा करून घ्यावा लागे. जे काम इथला माणूस करू शकतो त्यासाठी बाहेरचा माणूस कशाला, असा विचार तेव्हा होता, आणि त्यात चूक काही नव्हतं; मी स्वतः तसंच मानायची. एका उन्हाळ्यात जिल्ह्याच्या गावाहून एक अधिकारी चौकशीला आले. सभ्य, चष्मेवाले, मोजकं बोलणारे. आधी बाईंशी कार्यालयात बोलले. मग मला व्हरांड्यात खुर्ची दिली आणि समोर कागद धरून बसले. मुलींना सक्तीनं प्रार्थनेला बसवतात का? नाही. कुणाचा धर्म बदलला का? नाही. मग त्यांनी टोपण काढलेलं पेन कागदावर टेकवून विचारलं, "या बाई करतात ते काम इथल्या कुणाला करता येईल? आपल्याला विचारतो. स्पष्ट सांगा."

अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या. हारलोबाई त्या पसरत होत्या, आणि तीन-चार मुली त्यांच्या झग्याला लोंबकळून त्यांना चालू देत नव्हत्या. एकीनं त्यांच्या खिशात हात घातला होता. बाई ओरडत होत्या, "सोडा वो माय, पडन मी!" आणि पडत नव्हत्या.

मी म्हटलं, "हो. मी करू शकेन."

त्यांनी लिहून घेतलं. चहा घेतला आणि जीपमध्ये बसून गेले. मी बोलले त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. हिशेब, शिस्त, शिकवणं, कागदपत्रं, सगळं मला येत होतं, बाईंपेक्षा चांगलं येत होतं. खोटं बोलले असते तर ते पाप मला कबूल करायला सोपं गेलं असतं.

नकाराचं पत्र पोळ्याच्या सुमाराला आलं. तीन महिन्यांत देश सोडायचा. गावात कळलं तेव्हा चार-पाच खेड्यांतली माणसं आली. किसन आला. अर्ज करू, मुंबईला जाऊ, मंत्र्याला भेटू, असं बोलणं झालं. बाईंनी सगळ्यांना भाकरी खाऊ घातली आणि म्हणाल्या, "सरकारचं घर हाय. त्याइनं जा म्हनलं त जा लागते."

जाण्याच्या आठवडाभर आधी, दुपारी, त्या ट्रंक भरत होत्या. भरायला काय होतं? चार झगे, बायबल, मुलींची पत्रं एका पिशवीत. मी दारात उभी राहिले. मला आता राहवत नव्हतं.

"बाई, मला काही सांगायचंय. त्या साहेबांनी मला विचारलं होतं, की हे काम..."

"माहीत हाय," त्या झगा घडी करत म्हणाल्या. "मलेबी विचारलं होतं त्यानं. तुह्या आधी."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगतलं, विमल हाय ना. विमल करीन. माह्यापेक्षा बरं करीन. खोटं कसं सांगू?"

मी उंबऱ्यावर बसले. सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट त्या क्षणीसुद्धा मनात आलं, माझा अपराधसुद्धा यांनी माझ्या आधी जाऊन मोठ्या मनानं उरकून टाकला. मला तोही पुरा ठेवला नाही.

बाईंनी झगा ट्रंकेत ठेवला. पुन्हा काढला. पुन्हा घडी घातली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पन मले वाटलं होतं, विमल, का तू तरी नाई म्हनशीन."

मी बाईंना रडताना कधी पाहिलं नव्हतं. तेव्हाही त्या रडल्या नाहीत. फक्त त्यांचे ते मोठे, खरखरीत हात त्या एका झग्यावरून पुन्हा पुन्हा फिरत राहिले.

"मला तुमचा हेवा वाटायचा," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून."

त्या वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य होतं. मला वाटत होतं त्यांना हे माहीत असेल. सगळ्या शाळेला माहीत होतं.

"माहा? माह्यात काय हाय?" आणि मग हळू आवाजात, जणू हे कुणाला सांगू नये असं, म्हणाल्या, "मले तुहा वाटे. अजून वाटते. तुले इथून कोनी जा म्हनू शकत नाई. चोवीस वर्षं झाली विमल, अन् मी पाहुनीच हावो. तू फाट्यावर उतरली, तोंड वाकडं करून गाडीत बसली, अन् तरी त्या दिवसापासून हे गाव तुहं. तुले आवडो का न आवडो."

त्या ट्रंकेचं वाकलेलं झाकण लागत नव्हतं. मी उठून त्यावर बसले, त्यांनी कडी लावली. आमच्यात माफी मागणं आणि माफ करणं झालं ते एवढंच.

त्यानंतर ती शाळा मी एकोणीस वर्षं चालवली. चांगली चालवली, असं लोक म्हणतात. न्यूझीलंडहून त्यांची पत्रं येत; देवनागरीत, वऱ्हाडीत, शुद्धलेखनाच्या असंख्य चुकांसह. मी एकही चूक कधी दुरुस्त करून पाठवली नाही. शेवटचं पत्र त्यांच्या बहिणीचं होतं, इंग्रजीत, चार ओळींचं. शेवटच्या दिवसांत एडिथ कुणाला न कळणाऱ्या भाषेत बोलत होती, असं त्यात लिहिलं होतं. मी ते पत्र शाळेत वाचून दाखवलं नाही. ती भाषा कुठली, हे मला माहीत होतं, आणि तिथं त्यांच्या उशाशी मी नव्हते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नांदुऱ्याच्या स्टेशनवर. सकाळची पॅसेंजर होती. मुलींना आणलं नव्हतं. बाईंनीच नको म्हटलं होतं. गयाबाई आणि मी, दोघीच. गाडी आली ती खचाखच भरलेली. आम्ही बायकांच्या डब्यात ट्रंक कशीबशी ढकलली आणि मागोमाग त्यांना. दार लागलं. गयाबाई पदर तोंडात कोंबून उभी होती. मी खिडकी शोधत पुढं धावले.

आत बाकावर इंचभरही जागा नव्हती. बाई दोन बायकांच्या मध्ये, वाकून, बूड टेकायची जागा करत होत्या. शेजारच्या एका तरुण बाईच्या मांडीवर तान्हं मूल किंचाळत होतं. मी खिडकीशी पोचले तोवर बाईंनी ते मूल आपल्या खांद्यावर घेतलं होतं आणि त्याची पाठ थोपटत त्या त्याच्या आईला काहीतरी सांगत होत्या. ती बाई आधी बावरून त्यांच्याकडे पाहत राहिली आणि मग एकदम हसली. पदर सरळ करून ती सरकली, आणि बाकावर जागा झाली.

शिट्टी झाली. मी हात वर केला, हाक मारली. गाडीचा आवाज, मुलाचा आवाज, डब्यातल्या बायकांचा गलका. त्यांनी वळून पाहिलं नाही. त्यांना ऐकूच गेलं नसणार. त्या बोलत होत्या, आणि ती बाई मान हलवत ऐकत होती, कोण कुठली, पुढच्या चार स्टेशनांत कुठंतरी उतरून जाणारी. गाडी सरकली. माझा हात तसाच वर राहिला, आणि मला त्या अनोळखी बाईचा हेवा वाटला.